कन्व्हेयन्स: टॅक्सीचं भाडं, ऑफिसचा निरोप आणि आपल्या बिल्डिंगखालची जमीन

मुंबईतलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा, आतल्या पानांवर बारीक टायपात जाहीर नोटिसा असतात, त्यात सध्या 'मानीव अभिहस्तांतरण' हे शब्द सारखे दिसतात. अर्जदार म्हणून कुठलीतरी को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी, समोर बिल्डर, त्याचे भागीदार, जमिनीचे जुने मालक, त्यातले काही वारले असतील तर त्यांचे वारस, मग मौजे अमुक, तालुका अंधेरी किंवा बोरिवली किंवा कुर्ला, सीटीएस नंबर (नगर भूमापनातला जमिनीचा क्रमांक), आणि शेवटी सुनावणीची तारीख. वाचणारा पान उलटतो, कारण त्याला कळतच नाही की हे नेमकं काय आहे आणि आपला काय संबंध. यालाच बिल्डिंगच्या गेटवर लोक 'डीम्ड कन्व्हेयन्स' म्हणतात, किंवा नुसतंच 'डीम्ड', "तुमच्याकडे डीम्ड झालं का हो?" असं. थोडक्यात, बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही तर ती त्याच्या सहीशिवाय कायद्याने करून घेणं. रिडेव्हलपमेंटची, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायची, बोलणी सुरू झाली की हा प्रश्न येतोच येतो.

गोंधळ होतो याचं एक कारण असं की कन्व्हेयन्स हा शब्द आपण आधीपासून ओळखतो, पण भलत्याच अर्थाने ओळखतो. म्हणून आधी शब्द समजून घेऊ, तो समजला की पुढचा कायदा बऱ्यापैकी सोपा होतो.

ऑफिसातला कन्व्हेयन्स

सेल्समध्ये किंवा वसुलीच्या कामाला असलेल्या कुणालाही विचारा, कन्व्हेयन्स म्हणजे महिन्याअखेरीला भरायचं व्हाउचर. तारीख, कुठून कुठे, कशाने गेलात, किती झाले. अंधेरी ते सीप्झ रिक्षा, चर्चगेट ते नरिमन पॉइंट शेअर टॅक्सी, खाली सही, मग अकाउंट्सवाले पास करणार. पगाराच्या स्लिपवरही कन्व्हेयन्स अलाउन्स असतो. म्हणजे इथे अर्थ सरळ आहे, ये-जा, आणि ये-जा करायचं साधन. जुन्या इंग्रजी कायद्यांत घोडागाडी, होडी, रेल्वे या सगळ्यांना मिळून कन्व्हेयन्स म्हटलेलं सापडतं.

त्याच ऑफिसात दुसरा माणूस फोनवर म्हणतो, "ठीक आहे, मी सरांना कन्व्हे करतो." इथे गाडीबिडी काही नाही, इथे जातोय तो निरोप. आणि कारखान्यात कन्व्हेयर बेल्ट असतो, त्यावरून माल जातो.

माणूस, माल, निरोप. मराठीत हे तिन्ही एकाच क्रियापदात बसतात, पोचवणं. आजीला स्टेशनवर पोचवलं, सामान पोचवलं, निरोप पोचवला. कन्व्हेचं मूळ इतकंच आहे, एखादी गोष्ट इथून निघाली आणि तिकडे पोचली. जमिनीची मालकी ही चौथी गोष्ट, तीसुद्धा एकाकडून निघून दुसऱ्याकडे पोचायला लागते, आणि मुंबईत हजारो बिल्डिंगींच्या बाबतीत ती निघालेलीच नाहीये.

शब्द आला कुठून

लॅटिनमध्ये व्हिया म्हणजे रस्ता. आपण 'व्हाया दादर' म्हणतो तोच तो शब्द. त्याला 'बरोबर' या अर्थाचा उपसर्ग लागून एक क्रियापद झालं, रस्त्यात कुणाच्या तरी सोबत जाणं. ते जुन्या फ्रेंचमध्ये गेलं आणि तिथून इंग्रजीत दोनदा आलं. एका बोलीतून आलं ते कन्व्हे, दुसऱ्या बोलीतून आलं ते कॉन्व्हॉय. मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा जातो आणि ट्रॅफिक अडवतात तो कॉन्व्हॉय आणि सोसायटीचा कन्व्हेयन्स हे सख्खे भाऊ आहेत. सुरुवातीला इंग्रजीतही कन्व्हेचा अर्थ सोबत करणं, संरक्षण देत नेऊन सोडणं असाच होता, पुढे नुसतं नेणं झालं, मग निरोप नेणं, आणि साधारण पंधराव्या शतकापासून वकिलांनी तो मालमत्तेसाठी वापरायला घेतला.

जाताजाता एक, सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत कन्व्हेला चोरी असाही एक चोरटा अर्थ होता. शेक्सपियरच्या दुसऱ्या रिचर्डवरच्या नाटकात पदच्युत राजाला कन्व्हे करून टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात न्या असा हुकूम होतो, तेव्हा राजा तोच शब्द उलटवून दरबाऱ्यांना म्हणतो, कन्व्हे करणारे तर तुम्ही सगळे आहात, म्हणजे चोर. हा अर्थ नंतर मेला.

मातीचं ढेकूळ आणि मुंबईचा स्वतःचा कन्व्हेयन्स

आता अडचण बघा. माणूस गाडीत बसतो, माल बेल्टवर ठेवता येतो, पण जमीन तर जागची हलत नाही. मग ती 'पोचवायची' कशी?

जुन्या इंग्लंडमध्ये यावर उपाय होता. विकणारा आणि घेणारा दोघं त्या जमिनीवर जायचे, साक्षीदार उभे करायचे आणि विकणारा तिथलंच मातीचं ढेकूळ किंवा झाडाची डहाळी उचलून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. घर असेल तर दाराची कडी नाहीतर किल्ली. झाला व्यवहार. नुसता कागद केला आणि ढेकूळ दिलं नाही तर मालकी गेली नाही असं मानायचे. आपल्याकडेही जमिनीचं दान करताना हातावरून पाण्याची धार सोडायचे, जुन्या ताम्रपटांत 'धारापूर्वक', 'उदकपूर्वक' असे शब्द असतात, आणि 'त्या पैशावर पाणी सोड आता' असं आपण आजही म्हणतो ते तिकडूनच.

आणि खुद्द मुंबई बेट अशाच पद्धतीने इंग्रजांकडे गेलं. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नात मुंबई हुंड्यात दिली हे शाळेत शिकवतात, तो करार १६६१ चा. पण करार झाला म्हणून मुंबई मिळाली नाही. इंग्रजांची जहाजं १६६२ मध्ये येऊन थडकली तर इथले पोर्तुगीज अधिकारी ताबा द्यायला तयार नाहीत, कागद बरोबर नाहीत म्हणाले, शिवाय नुसतं मुंबई बेट द्यायचं की आजूबाजूचा मुलुखही, यावर वाद. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसला, त्याचे बरेच शिपाई रोगराईने गेले, १६६४ मध्ये तो स्वतःही तिथेच गेला. शेवटी त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा घेतला. त्या ताब्याच्या दस्तऐवजात लिहून ठेवलंय की कुक बेटावर चालला, तिथली माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर चढून फिरला, भिंतींना हात लावला. एवढं सगळं केल्यावर मुंबई इंग्रजांची झाली. पुढे १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्याने.

करार १६६१ ला, ताबा १६६५ ला, आणि मधे कागदांवरून, हद्दीवरून भांडण. मला ही हकीकत महत्त्वाची वाटते कारण करार आणि मालकी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींच्या मधे माणसं अडकून राहतात हे त्यात अगदी स्वच्छ दिसतं.

नंतर ढेकूळ मागे पडलं आणि कागद पुढे आला. आपल्याकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन किंवा घर विकायचं तर नोंदणी केलेला दस्तच लागतो. शंभराच्या आतली मात्र नुसता ताबा देऊनही चालेल असं त्याच कलमात आहे, म्हणजे ढेकळाची पद्धत तेवढी अजून शिल्लक आहे. मुंबईत शंभर रुपयात आता फुटपाथची एक लादीही येणार नाही, तर आपल्याला दस्तच. या दस्ताचं नाव कन्व्हेयन्स डीड.

मग फ्लॅट घेतला तेव्हा आपण काय घेतलं?

बहुतेकांच्या कपाटात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असतं ते ॲग्रीमेंट फॉर सेल, म्हणजे विक्रीचा करार, आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. दोन्ही महत्त्वाचे, पण दोन्ही तुमच्या फ्लॅटपुरते. बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन, आणि पूर्ण इमारत, जिने, गच्ची, कंपाउंड, हे सगळं सोसायटीच्या नावावर व्हायला वेगळा दस्त लागतो. तो बिल्डरने आणि मूळ जमीनमालकाने सोसायटीला करून द्यायचा. तोच हा कन्व्हेयन्स.

सेकंडहँड स्कूटर घेतली, चावी हातात आहे, पेट्रोल तुम्ही घालताय, विमा तुम्ही भरताय, पण आरसी बुकावर नाव जुन्या मालकाचं, तसं समजा. रोज चालवायला काहीच त्रास नाही. विकायला काढली, चोरीला गेली, कुठे धडकली, की पहिला प्रश्न आरसी कोणाच्या नावावर. जमिनीच्या बाबतीत आरसी बुक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मराठीत मिळकत पत्रिका. कित्येक सोसायट्यांच्या प्रॉपर्टी कार्डावर आजही त्या माणसाचं नाव आहे ज्याने साठ-सत्तर साली बिल्डरला जमीन दिली, तिथे तेव्हा वाडी होती, विहीर होती.

बिल्डर करून का देत नाही?

कायदा तर जुना आहे. १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, लोक मोफा म्हणतात. त्याच्या कलम ११ मध्ये बिल्डरने मालकी सोसायटीला करून द्यायची असं स्पष्ट लिहिलंय, आणि नियमांप्रमाणे करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यात. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास अशी शिक्षाही आहे. तरी होत नाही.

काही वेळा नुसता आळस, किंवा सोसायटीने कधी मागितलंच नाही. पण मोठं कारण एफएसआय. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. उपनगरात मूळ आकडा १ आणि शहरात १.३३ होता, मग १९९१ च्या नियमांनी टीडीआर आणला, म्हणजे दुसरीकडचा बांधकामाचा हक्क विकत आणून आपल्या प्लॉटवर वापरायचा. त्यानंतर उपनगरातल्या प्लॉटवर जास्त बांधता यायला लागलं, आणि हा वाढीव हक्क कोणाचा, तर जमिनीवर ज्याचं नाव त्याने सांगायचा. चार मजली बिल्डिंगच्या बाजूला उरलेल्या मोकळ्या जागेला एका रात्रीत भाव आला. जो बिल्डर आज ना उद्या करून देऊ म्हणत होता त्याला आता न देण्यात फायदा दिसू लागला. यात सोसायटीतली साधी माणसं भरडली गेली आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांनी आयुष्याची कमाई घातलेली होती आणि कायदाही त्यांच्याच बाजूने होता.

'डीम्ड'ने काय बदललं

२००८ मध्ये मोफात दुरुस्ती झाली. बिल्डर करून देत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करायचा. ते बिल्डरला, जमीनमालकाला नोटीस काढतात (वर्तमानपत्रातली ती बारीक टायपातली नोटीस हीच), सगळ्यांचं ऐकतात, आणि योग्य वाटलं तर एकतर्फी दस्त करायला हरकत नाही असं प्रमाणपत्र देतात. अर्जाचा निकाल सहा महिन्यात लावायचा असं कायद्यात आहे. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर बिल्डरच्या सहीशिवाय दस्त होतो आणि सब-रजिस्ट्रारकडे नोंदवला जातो. म्हणजे बिल्डरने केलं असं कायदा मानतो, म्हणून मानीव.

डीम हा शब्दही ऐकण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ न्याय देणं, निवाडा करणं. डूम त्याचंच भावंड, आज त्याचा अर्थ विनाश झाला पण मुळात निवाडाच, म्हणून कयामतीचा दिवस तो डूम्सडे. आणि इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये बहुतेक देशाच्या जमिनीची मोजणी करून जी वही केली तिला लोकांनी डूम्सडे हेच नाव दिलं, कारण त्यात जे लिहिलं त्याच्यावर अपील नाही. जमिनीचं रेकॉर्ड आणि निवाडा यांची गाठ इतकी जुनी आहे.

"चाळीस वर्षं राहतोय, आमचं काय अडलं?"

हे सोसायटीच्या प्रत्येक एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, कोणीतरी काका म्हणतातच, आणि त्यांचं चूक आहे असंही नाही. राहायला, फ्लॅट विकायला, कर्ज काढायला बहुतेक वेळा अडत नाही. अडतं ते बिल्डिंग जुनी झाल्यावर. स्लॅब गळतोय, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये धोकादायक आली, पाडून नवीन बांधायची वेळ आली, आणि मग जमिनीवर नाव असलेला माणूस किंवा त्याचा नातू उगवतो, म्हणतो मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. किंवा जुना बिल्डर म्हणतो रिडेव्हलपमेंट मीच करणार. तेव्हा पळापळ करण्यात दोन-तीन वर्षं सहज जातात आणि सोसायटीतले म्हातारे लोक टेकूवर उभ्या असलेल्या बिल्डिंगमध्ये राहतात.

कन्व्हेयन्सशिवाय रिडेव्हलपमेंट होतच नाही का, तर होते, जमीनमालक आणि बिल्डर राजीखुशीने सामील झाले तर. पण मग त्यांची संमती विकत घ्यावी लागते, आणि ती किंमत शेवटी तुमच्या मिळणाऱ्या जागेतून किंवा कॉर्पसमधूनच (रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशातून) निघते.

"बिल्डर वारला, कंपनी बंद, कोणाला धरायचं?"

डीम्डची तरतूद मुळात याच्यासाठीच आहे. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर नोटीस, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, वारस असतील तर त्यांना नोटीस, कोणी आलं नाही तरी प्रकरण पुढे चालतं. ओसी नाही म्हणून हताश होणारेही खूप आहेत. ओसी म्हणजे महापालिकेचा भोगवटा दाखला. ती नसण्याचे बाकी त्रास आहेतच, पण राज्य सरकारने २०१८ मध्ये डीम्डसाठी लागणाऱ्या कागदांची यादी कमी केली, त्यानंतर निव्वळ ओसी नाही म्हणून अर्ज अडकायचं कारण राहिलेलं नाही.

जमीन भाडेपट्ट्यावर असेल, म्हाडाची, कलेक्टरची किंवा पोर्ट ट्रस्टची (आता पोर्ट ऑथॉरिटी), तर गोष्ट वेगळी, तिथे मालकी मिळत नाही, भाडेपट्ट्याचा हक्क सोसायटीच्या नावावर करावा लागतो आणि त्यासाठी त्या त्या खात्याकडे जावं लागतं.

"डीम्ड झालं म्हणजे आता कोणी हात लावू शकत नाही ना?"

इथे जरा थांबायला हवं, कारण काही एजंट लोक असं सांगून पैसे घेतात. उपनिबंधक हे दिवाणी कोर्ट नाही. मालकी नक्की कोणाची याचा शेवटचा निवाडा ते करत नाहीत, बिल्डरने जे करून द्यायला हवं होतं ते त्याच्या वतीने करून देतात. मुंबई हायकोर्टाने हे अनेकदा सांगितलंय, ज्याला मान्य नाही त्याने दिवाणी दावा लावावा. पण फरक मोठा पडतो. आधी सोसायटीला बिल्डरच्या मागे धावावं लागायचं, डीम्ड झाल्यावर दस्त तुमच्या हातात असतो आणि कोर्टात जायचा त्रास त्याला. दुसरं, क्षेत्रफळ. एकाच मोठ्या प्लॉटवर चार सोसायट्या असतील तर कोणाच्या वाट्याला किती जमीन, यावर खरं भांडण होतं, कुकच्या वेळेला झालं तसंच, आणि त्यासाठी आर्किटेक्टचा दाखला नीट करून घेणं हे वकिलाच्या फीइतकंच महत्त्वाचं आहे.

"स्टॅम्प ड्युटी परवडणार नाही"

ही भीती बरीचशी गैरसमजातून आहे. सगळ्या सभासदांनी आपापल्या फ्लॅटच्या कराराला पूर्ण स्टॅम्प ड्युटी भरलेली असेल तर ती वळती करून घेतात आणि दस्ताला नाममात्रच स्टॅम्प लागतो. अडचण येते ती दोन-चार सभासदांचे जुने करार स्टॅम्पच्या कागदावर नाहीत, रजिस्टर नाहीत, किंवा हरवलेत म्हणून. त्यामुळे कमिटीने सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे प्रत्येक घरातून पहिल्या खरेदीपासूनच्या कराराची आणि इंडेक्स टूची (दस्त नोंदल्याच्या सरकारी उताऱ्याची) झेरॉक्स गोळा करणं. हे ऐकायला सोपं वाटतं पण साखळीतला मधलाच एखादा कागद मिळत नाही आणि तो शोधण्यात महिने जातात.

प्रॉपर्टी कार्ड कसं बघायचं

आपल्या बिल्डिंगचा कन्व्हेयन्स झालाय की नाही हे सेक्रेटरींनाही माहीत नसतं असं होतं, कारण कमिट्या बदलत गेल्या आणि कपाटाच्या चाव्यांबरोबर माहितीही गेली. यासाठी प्रॉपर्टी कार्ड काढा. उपनगरात सीटीएस नंबर लागतो, शहरात सीएस नंबर, तो तुमच्या करारात शेवटच्या पानांवर मालमत्तेच्या वर्णनात दिलेला असतो, गावाचं नाव तिथेच असतं. कार्ड आता सरकारच्या वेबसाइटवर फी भरून डिजिटल सहीचं मिळतं, नाहीतर नगर भूमापन कार्यालयात अर्ज करायचा.

कार्डावर वर क्षेत्र आणि धारणाधिकार (जमीन कुठल्या हक्काने धरलीय ते), त्याखाली मूळ धारक, पट्टेदार असेल तर त्याचं नाव, इतर भार (जमिनीवरचे बोजे), आणि मग तारीखवार नोंदी. नजर थेट शेवटच्या धारकाच्या नोंदीवर टाका. तिथे सोसायटीचं नाव असेल तर उत्तम. नसेल तर ज्याचं नाव आहे ते लिहून घ्या, क्षेत्र किती चौरस मीटर दिलंय ते बिल्डिंगच्या मंजूर नकाशाशी ताडून बघा, आणि कधीकधी असंही निघतं की कन्व्हेयन्स डीड पंचवीस वर्षांपूर्वीच झालंय, रजिस्टरही झालंय, फक्त कार्डावर नाव चढवायचा अर्ज कोणी केलाच नाही. अशा वेळी डीम्डची गरजच नाही, त्या दस्ताची प्रमाणित प्रत काढायची आणि नगर भूमापनला नाव लावायचा अर्ज द्यायचा.